काटा अडला, तरी गाडी बंद करू नका

दरवर्षी १ जानेवारीला आमच्या वाईतील कृष्णेच्या घाटावर पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी होते. नवे बूट, नवी कानटोपी, नवा उत्साह! संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की ही गर्दी ओसरू लागते आणि फेब्रुवारीत आम्ही नेहमीचे सात-आठ जणच उरतो. न येणाऱ्यांपैकी कोणी दवाखान्यात भेटले आणि "काय हो, हल्ली दिसत नाही?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. "डॉक्टर, महिनाभर चाललो, साखर सोडली, भात कमी केला. पण काटा हलायला तयार नाही. मग कशाला जिवाला त्रास?"

अशा माणसांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पूर्वी मीही तेच करत असे. माझ्या त्या सवयीची किंमत एका रुग्णाला मोजावी लागली. त्यांची परवानगी घेऊनच ही हकीगत लिहितो आहे. नाव मात्र देत नाही. सारे त्यांना मावशी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मावशी पोळी-भाजीचे केंद्र चालवतात. वय ५१, उंची पाच फूट, वजन ८४ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आणि जोडीला गुडघेदुखी. वजन उतरवायला हवे असे मी सांगितले आणि त्यांनी ते मनावर घेतले. चहातील साखर बंद केली, संध्याकाळी अर्धा तास चालू लागल्या. पहिल्या तीन आठवड्यांत अडीच किलो उतरले. मावशी खूश, मीही खूश. त्यानंतर मात्र सहा आठवडे काटा जागचा हलला नाही.

तेव्हा आमचा वजनकाटा बाहेर, बाकांसमोर असे आणि कंपाउंडर वजन मोठ्याने सांगत असे. त्या दिवशी आकडा ऐकून मी आतूनच म्हणालो, "मावशी, पोळ्या लाटता लाटता तोंडही चालू असतं वाटतं!" बाकावरचे चार लोक हसले. मावशीही हसल्या. त्यानंतर पाच महिने त्या फिरकल्या नाहीत.

आल्या त्या लंगडत. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ तेल उडून भाजले होते आणि ती जखम तीन आठवडे चिघळत होती. उपाशीपोटी साखर ३१२, वजन ८६ किलो. गोळ्यांचे विचारले तर म्हणाल्या, "बंद केल्या. एवढं करून काही होत नाही म्हणजे आपल्या अंगाला गुण यायचाच नाही, असं वाटलं. आणि खरं सांगू का डॉक्टर, तुमच्या त्या काट्यावर परत उभं राहायचं नव्हतं."

यावर मला उत्तर सुचले नाही. सर्जनची मदत घ्यावी लागली, सव्वादोन महिने मलमपट्टी चालली. अंगठा वाचला. मधुमेहात अशाच जखमेपायी बोट गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून 'वाचला' हा शब्द मी जपून वापरतो आहे. मावशी काही चुकल्या नव्हत्या. काटा का अडतो हे मी त्यांना आधी सांगायला हवे होते. ते आज आपल्याला सांगतो.

काटा का अडतो?

पहिल्या काही आठवड्यांत जे वजन झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. आपले यकृत आणि स्नायू थोडी साखर साठवून ठेवतात. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी झाले की आधी हा साठा वापरला जातो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जाते. माणसाला वाटते, काय झटपट उतरतेय! पुढे चरबीची पाळी येते, आणि चरबी हे चिवट भांडवल आहे.

थोडा हिशेब मांडू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक म्हणजे कॅलरी असतात. ८० किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चालले तर साधारण १५० उष्मांक खर्च होतात. म्हणजे नुसत्या चालण्याने एक किलो उतरायला पन्नासएक दिवस हवेत. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, अशी सवय असेल तर ही साखर सोडून आणखी २०० उष्मांक वाचतात. दोन्ही मिळून ३५०. तरीही एका किलोला बावीस दिवस लागले, आणि तेही इतर सारे काटेकोर पाळले तर. तेव्हा महिन्याला किलोभर वजन उतरणे ही हळू चाल नव्हे, तीच खरी चाल आहे. 'सात दिवसांत पाच किलो' अशी जाहिरात दिसली की हा हिशेब आठवावा.

दुसरे कारण असे, की शरीर हलके झाले की त्याला अन्नही कमी पुरते. ८४ किलोला जे जेवण कमी पडत होते, ते ७९ किलोला बरोबर पुरते. मग उतार थांबतो. शिवाय वजन घटू लागले की शरीराला दुष्काळ आल्यासारखे वाटते आणि ते भूक वाढवते. हा मनाचा दुबळेपणा नाही, शरीराचा जुना स्वभाव आहे.

तिसरे, वजन रोज खालीवर होतच असते. आदल्या रात्री लोणचे-पापड जास्त झाले, पोट साफ झाले नाही, स्त्रियांची पाळी जवळ आली, तर किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. अर्धा किलो चरबी खरोखर गेलेली असली तरी ती त्याखाली झाकली जाते.

आणि चौथे कारण प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. दोन महिन्यांनी हात सैल सुटतो. फोडणीत तेल पुन्हा किटलीतून ओतले जाते, येता-जाता मूठभर शेंगदाणे तोंडात जातात, 'उपवासच आहे' म्हणून साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली जाते. यात लाजण्यासारखे काही नाही. आठवडाभर सारे लिहून काढले की गळती कुठे आहे ते आपले आपल्यालाच दिसते.

मावशींना मी पसरणीच्या घाटाचे उदाहरण दिले. वाईहून पाचगणीला जाताना एसटी घाटाला लागली की ड्रायव्हर गिअर बदलतो. गाडी हळू होते, पण ती चढत असते. गाडी हळू झाली म्हणून कोणी इंजिन बंद करत नाही.

काट्यावर न दिसणारा फायदा

आपले सारे श्रम काट्यावर दिसतातच असे नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांची त्यांनी वेगवेगळ्या गटांत विभागणी केली. ज्या गटाला फक्त नेहमीचा सल्ला दिला, त्यातील शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालणे यांबाबत सतत मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरलेच नव्हते! काटा जवळजवळ तिथेच, पण शंभरातील सोळा जणांचा मधुमेह निदान त्या तीन वर्षांत टळला. चालल्याने स्नायू साखर चांगली वापरू लागतात, आणि ते काटा सांगत नाही.

वजन उतरले तर फायदा अधिक, यात शंका नाही. पण त्यासाठी सडपातळ व्हावे लागत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उद्दिष्ट होते वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम. त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८४ किलोच्या माणसाचे सात टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो.

गुडघ्यांचेही तसेच. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. पाच किलो उतरले तर वीस किलो. मावशींना हे लगेच पटले. म्हणाल्या, "म्हणजे कणकेचं पोतं उतरवून ठेवल्यासारखंच की!"

वहीचे पाच रकाने

जखम भरल्यावर आम्ही नव्याने सुरुवात केली. पहिले काम मी केले. काटा आतल्या खोलीत पडद्यामागे नेला आणि कंपाउंडरला सांगितले, की वजन लिहायचे, पुकारायचे नाही. दुसरे काम मावशींनी केले. शंभर पानी वही आणून पाच रकाने आखले. आपणही हे करून पाहावे.

पहिला रकाना चालण्याचा. ज्या दिवशी चाललो त्या दिवशी एक खूण. काट्याचा आकडा आपल्या हातात नसतो, ही खूण असते. आठवड्यात पाच खुणा पडल्या तर तो आठवडा उत्तीर्ण.

दुसरा रकाना दमाचा. न थांबता कुठवर चालता येते? किती पायऱ्या दम न लागता चढता येतात? पंधरा दिवसांतून एकदा लिहावे.

तिसरा कमरेचा. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर धरून, श्वास सोडून, महिन्यातून एकदा मोजावे. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. पोटावरची चरबीच जास्त घातक असते आणि पुष्कळदा काटा हलण्याआधी टेप हलते.

चौथा तपासण्यांचा: रक्तदाब, साखर आणि मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी.

पाचवा वजनाचा, आणि तो मुद्दाम शेवटी. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी. तुलना कालच्या वजनाशी नव्हे, चार आठवड्यांपूर्वीच्या वजनाशी करावी.

लग्नकार्यात, सणासुदीला एक पुरणपोळी आनंदाने खावी. एक दिवस चुकला म्हणून महिना वाया जात नाही. 'आता मोडलंच आहे तर' म्हणून पुढचे पंधरा दिवस सोडले की मात्र जातो. घरच्यांनाही विनंती, की 'काही फरक दिसत नाही तुझ्यात' हे वाक्य बोलू नये. त्याऐवजी बरोबर चालायला जावे.

डॉक्टरांना केव्हा विचारावे?

सारे नीट पाळूनही तीन-चार महिने वजन, कंबर, दम यांपैकी काहीच बदलले नाही, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. स्टिरॉइड, मधुमेहाची काही औषधे आणि मनोविकारांवरील काही गोळ्या यांनीही वजन वाढते. पण त्या परस्पर बंद करू नयेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केले तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते, म्हणून डोस आधी विचारून घ्यावा. अंगावर सूज येऊन वजन झपाट्याने वाढले किंवा काही न करता ते उतरू लागले, तर थांबू नये.

आठवड्याला एक घ्यायच्या नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज विचारणा होते. ती गुणकारी आहेत आणि काही रुग्णांना त्यांची खरोखर गरज असते. पण ती महाग आहेत, त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि ती घेतली तरी वही सुटत नाही.

मावशींच्या वहीला आता चौदा महिने झाले. ८६ किलोंचे ७८ झाले. सरासरी काढली तर महिन्याला अर्ध्या किलोहून थोडे जास्त. मध्ये एकदा सलग अकरा आठवडे काटा अडून बसला होता, पण त्या अकरा आठवड्यांत चालण्याच्या खुणा पन्नासच्या वर आहेत. कमरेचे नऊ सेंटिमीटर गेले. एचबीएवनसी १०.४ वरून ७.२ वर आले. वजन अजूनही जास्तच आहे आणि हे त्यांना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात त्या मेणवलीच्या घाटापर्यंत, तीनेक किलोमीटर, चालत जाऊन चालत परत आल्या. वाटेत कुठे टेकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन वही पुढे केली आणि म्हणाल्या, "आज वजन नको बघायला डॉक्टर, हे बघा."

संक्रांतीनंतर घाटावर यायचे ज्यांनी सोडले, त्यांना एवढेच सांगणे आहे, की काटा अडला असेल, तुम्ही अडू नका. पहाटे सहाला आम्ही सात-आठ जण तिथे असतोच. कोणी वजन विचारणार नाही.