सहा बाजूंच्या तुकड्यांची गोधडी

गोधडी आपल्याकडे घरोघरी असते. कोणी तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, जुनी धोतरे एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालीत जायचे. ही रीत आयाबायांना ठाऊकच आहे. ती आम्ही काय शिकवणार? पण त्या गोधडीला मोठे कापड लागते. शिंप्याच्या दुकानात तळहाताएवढ्या चिंध्या पडतात, त्या केरात नाहीतर चुलीत जातात. त्यांचीही गोधडी होते. तिची रीत मात्र वेगळी आहे.

ही रीत इंग्लंडातली. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या पुष्कळ बायका असे शिवीत. प्रत्येक चिंधीच्या पोटात कागदाचा तुकडा घालून शिवायचे, हे तिचे मर्म. जुनी पत्रे, हिशेबाचे कागद असे घरातलेच कागद त्या कापून घालीत. काही गोधड्या अर्ध्याच राहिल्या, त्यांतले कागदही तसेच राहिले. आज जाणती माणसे ते कागद वाचून गोधडी केव्हाची ते ओळखतात!

तुकड्याला सहा बाजू असाव्यात आणि सहाही सारख्या. सहाच का? मधमाश्यांचे पोळे पाहा. त्यातले प्रत्येक घर सहा बाजूंचे. घराला घर चिकटते, मध्ये फट राहत नाही. गोल तुकडे जोडले तर मध्ये भोके राहतील. चौकोन जोडता येतात, पण सहा बाजूंचे कोपरे बोथट असतात. त्यांवर कापड दुमडणे सोपे जाते.

हा आकार काढायला बांगडी पुरे. सव्वादोन इंचांची बांगडी कागदावर ठेवा आणि आतून पेन्सिल फिरवा. तो गोल कापा आणि मधोमध दुमडा. आता त्या अर्ध्या गोलाचे तीन सारखे भाग होतील अशा घड्या घाला. शेंगदाण्याच्या पुडीसारखा आकार होईल. पुडीच्या तोंडाची कड वाटोळी असते. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कात्री चालवा. उलगडून पाहा, सहा बाजू निघाल्या! हा नमुना जाड पुठ्ठ्यावर उतरवून जपून ठेवा. बाकीचे कागद जुन्या लग्नपत्रिकांचे कापा, पण सगळे याच नमुन्यावरून. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे करू नका. दर वेळी सुतभर फरक पडतो आणि पन्नासावा तुकडा कुठेच बसत नाही.

चिंधी कागदापेक्षा सगळीकडून पाव इंच मोठी कापा. कागदावर कडा दुमडून कच्चे टाके घाला. मग दोन तुकडे सुलटी बाजू आत करून समोरासमोर धरा आणि कडेवरून बारीक टाके घाला. सुईने कापडाचे दोन-चार धागेच उचलावेत, कागद शिवला जाऊ नये. इंचात दहा-बारा टाके पडले तर जोड पक्का होतो. कापड ताणले जाते, तिरपे कापलेले तर फारच. कागद ताणला जात नाही. म्हणून शिकाऊ हाताचेही कोपरे जुळतात.

मधल्या तुकड्याभोवती सहा जोडले की एक फूल होते. त्याभोवती बारा लागतात, त्याच्याही भोवती अठरा. एखाद्या तुकड्याच्या सहाही बाजू जोडल्या गेल्या की त्याचे कच्चे टाके उसवून कागद काढून घ्या. तो पुन्हा वापरता येतो.

वारभर लांब, वारभर रुंद दुपट्याला सुमारे ४०० तुकडे लागतात. रोज पाच केले तर तुकडेच ८० दिवसांत होतील. जोडायचे दिवस वेगळे. यातून लगेच पैसा मिळेल असे आम्ही म्हणत नाही. आणि हे बायकांचेच काम असेही नाही. शिंपीदादा रोज सुई धरतोच की!

सन १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतले आणि तिथल्या गोऱ्या कुटुंबांना चांगीच्या तुरुंगात कोंडले. त्यांत वीसेक मुलींचे एक गर्ल गाइड पथक होते. पथकाच्या ताईंना वाढदिवसाची भेट द्यायची, पण तुरुंगात कापड कुठले? मुलींनी चिंध्या गोळा केल्या, जुन्या कपड्यांतला दोरा उसवून काढला आणि लपूनछपून अशीच सहा बाजूंच्या तुकड्यांची गोधडी शिवली. फुलांमध्ये त्यांनी आपापली नावेही दोऱ्याने काढली. तुम्हीही आता आपले नाव लिहू शकता. मधल्या तुकड्यावर आधी पेन्सिलने लिहा, मग दोरा फिरवा.

चिंध्या निवडताना घाई नको. सुती कापडाला सुतीच जोडा. नायलॉनचे कापड निसरते आणि गरम इस्त्रीने वितळते. लाल, जांभळी चिंधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग लागला तर ती बाजूला काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी मेहनत तांबडी होईल. विरलेले कापडही वरच्या थरात नको.

कडेच्या तुकड्यांचे कागद सर्वांत शेवटी काढा, म्हणजे कड सरळ राहते. खाली जुन्या लुगड्याचे अस्तर लावा, मध्ये एखादे जुने धोतर घाला आणि आपल्या नेहमीच्या धावदोऱ्याने तिन्ही थर एकत्र शिवा. दुपटे बाळाला द्यायचे असेल तर आधी सुया आणि टाचण्या मोजून घ्या. धुतल्यावर ते उलटे करून सावलीत वाळवा, म्हणजे रंग टिकतात.