बीदरहून मुंबई बंगळुरूपेक्षा जवळ

स्टार एअरचे विमान १७ एप्रिल २०२५ रोजी बीदरला पुन्हा उतरले आणि रेल्वेने अख्खी रात्र खाणारे बंगळुरू परत तास-सव्वातासावर आले. आनंद रास्तच आहे. पण ही सेवा सुरू होण्याची ही तिसरी खेप. ट्रूजेटने ७ फेब्रुवारी २०२० रोजी श्रीगणेशा केला, पुढे त्या कंपनीचीच उड्डाणे थांबली. जून २०२२ मध्ये स्टार एअर आली, २०२३ च्या अखेरीस तिनेही पाय काढला. आता कर्नाटक सरकार तोटा भरून देणार म्हटल्यावर ती परतली आहे.

ट्रूजेटची एटीआर विमाने पंख्यांची, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडणारी. स्टार एअरची एम्ब्राएर जेट वेगात त्यांच्या कितीतरी पुढे. तरी वेग दीडपट झाला म्हणून वेळ त्याच हिशेबाने घटत नाही. बीदर-बंगळुरू सरळ रेषेत सुमारे ५२० किलोमीटर. एवढ्या टप्प्यात धावपट्टीवर सरकणे, चढणे आणि उतरणे यांतच बराच वेळ जातो.

मग २०२० पर्यंत बीदर प्रवासी विमानाविना का राहिले? धावपट्टी तर हवाई दलाची, केव्हाचीच तयार. हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाचा तळही इथलाच. आड आला तो हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाचा करार: दीडशे किलोमीटरच्या आत २५ वर्षे दुसरा विमानतळ नको. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर शमशाबादहून बीदर सुमारे १२५ किलोमीटर, कलबुर्गी सुमारे १५५. बीदर रेषेच्या आत अडकले, कलबुर्गी थोडक्यात बाहेर राहिले. कलबुर्गीत तीन किलोमीटरहून लांब धावपट्टीचा नवा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी खुला झाला. बीदरची वाट मोकळी झाली, ती हैदराबादचा विमानतळ चालवणाऱ्या जीएमआरनेच बीदरचे टर्मिनल चालवायला घेतल्यावर. दोन जिल्ह्यांचे दळणवळण एका विमानतळाच्या कराराने ठरावे, हे खटकते.

त्याहून खटकते ती विमानाची दिशा. बीदर-मुंबई सरळ अंतर सुमारे ५०५ किलोमीटर, म्हणजे बंगळुरूपेक्षा कमीच. पुणे तर चारशेच्याही आत. औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांतल्या मराठी घरांचे शिक्षण, नोकरी, सोयरीक पुण्या-मुंबईशी बांधलेले आहे. त्यांच्या वाट्याला मात्र अजून लातूरमार्गे जाणारी रात्रीची रेल्वे, नाहीतर ट्रॅव्हल्सची बस. सीमेपलीकडच्या उदगीरकरांनाही बीदर नांदेडपेक्षा जवळ पडते. हे प्रवासी बंगळुरूच्या विमानात दिसणार नाहीत, म्हणून ते नाहीतच असे समजणे चूक आहे.

राज्याचे अनुदान राजधानीच्या दिशेने जाते, हे समजू शकते. पण बीदरचा प्रवासी दोन राज्यांचा आहे, तेव्हा भारही दोघांनी उचलावा. सोलापूर-मुंबई विमानासाठी महाराष्ट्राने तोटा भरून देण्याचे ठरवलेच होते. कर्नाटकासोबत निम्मा वाटा घेऊन बीदर-मुंबई विमान किमान तीन वर्षे चालवावे. बीदर, लातूर आणि नांदेडच्या खासदारांनी ही मागणी एकत्र मांडावी, आणि वाचकांनी आपापल्या खासदाराला पत्र लिहून तिचा पाठपुरावा करावा.