टाइप वन शुगरचं लेकरू लांब पल्ल्याला धावू शकतं का?

भीमजयंतीच्या आठवड्यात आता बऱ्याच ठिकाणी मिरवणुकीसोबत समता दौडही ठेवतात. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली पोरं-पोरी पहाटेच रोडवर असतात. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, मधे एखादी धम्म पदयात्रा. चालणं आपल्या समाजाला नवं नाही. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च पायीच होता. पण ज्या घरात टाइप वन मधुमेहाचं लेकरू आहे, तिथली माय विचारते, "ताई, याला पाठवू का नको?" आणि बहुतेक घरी उत्तर ठरलेलंच असतं, की बस घरी.

माझं उत्तर आहे, पाठवा. पण तयारीनं पाठवा, आणि त्याची शुगर समजणारा एक माणूस सोबत द्या.

टाइप वन म्हणजे गोड खाऊन झालेली शुगर नव्हे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. यात आईबापाची चूक नाही, कुणाची नजरही लागलेली नाही. १९२२ साली कॅनडात टोरांटो इथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी लेकरं फार दिवस जगतच नव्हती. म्हणून सुई बंद करून काढा पाजू नका. आपल्या वसमतची हळद भाजीत चांगली, पण ती इन्सुलिनचं काम करत नाही.

सुईची सवय लागते, असंही म्हणतात. बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास संविधानाच्या कामाच्या धामधुमीत त्यांचे पाय दुखत, झोप लागत नसे आणि ते इन्सुलिन घेत होते. त्यांचा मधुमेह मोठेपणी जडलेला, लेकरांच्या टाइप वनपेक्षा वेगळा. पण औषध तेच. खेळाचं म्हणाल तर वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेह निघाला आणि त्यानंतरही तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत जलद गोलंदाजी करत राहिला. टीम नोवो नॉर्डिस्क नावाचा सायकलपटूंचा एक व्यावसायिक संघ आहे, त्यातले सगळे स्वार टाइप वनचे. इटलीतल्या मिलान-सान रेमो या शर्यतीत ते उतरले आहेत. ती शर्यत एका दिवसात जवळपास ३०० किलोमीटरची असते.

मग धोका कशाचा? निरोगी माणूस धावू लागला की त्याचं शरीर आपोआप इन्सुलिन कमी करतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र एकदा कातडीखाली गेलं की परत काढता येत नाही. त्यात धावणारे स्नायू स्वतःच रक्तातली साखर ओढून घेतात. दोन्ही मिळून शुगर धाडकन खाली येते. मांडीत सुई घेऊन लगेच धावलं तर इन्सुलिन आणखी लवकर उतरतं, म्हणून त्या दिवशी पोटावर घ्या.

धावण्याआधी बोटावर तपासणी कराच. साधारण १२६ ते १८० असेल तर सुरुवातीला चांगलं. ९० च्या खाली असेल तर आधी खा, थांबा, पुन्हा तपासा. २७० च्या वर असेल तर लघवीत कीटोन बघा. कीटोन असतील, मळमळ किंवा उलटी असेल, तर त्या दिवशी धावायचं नाही, सरळ दवाखाना. शर्यतीच्या भीतीनं, ताणानंही शुगर चढते, आणि ती धावताना पुष्कळदा आपोआप उतरते. तो आकडा बघून घाईनं जास्तीचं इन्सुलिन टोचू नका.

१०० मीटरची जोराची धाव आणि लांबची दौड यांतही फरक आहे. जोरात पळालं की शुगर थोडा वेळ वर जाते, लांब पळालं की खाली येते. भरतीची पोरं पहाटे उपाशीपोटी, सुईच्या आधी धावतात, तेव्हा शुगर पडण्याचा धोका जेवणानंतरच्या सुईपेक्षा कमी असतो. तरी तपासणी चुकवायची नाही.

धावायच्या दिवशी सुई बुडवायची नाही, हे लिहून ठेवा. जेवणाआधीचं इन्सुलिन कमी करतात, पण किती ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. आपल्याकडे बऱ्याच लेकरांना ३०-७० चं मिक्स इन्सुलिन असतं. त्यात नुसतं जेवणापुरतं इन्सुलिन वेगळं कमी करता येत नाही, म्हणून खाण्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते. जिल्हा रुग्णालयातल्या असंसर्गजन्य रोगांच्या विभागात शर्यतीच्या पंधरा दिवस आधी जा आणि हाच प्रश्न विचारा.

तासाभरापेक्षा जास्त धावणं किंवा जोराचं चालणं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी. त्याला महागडी पाकिटं लागत नाहीत. एका केळ्यात वीसेक ग्रॅम, चार-पाच ग्लुकोज बिस्किटांत पंधरा-वीस ग्रॅम. साखर-मिठाचं लिंबू सरबत बाटलीत ठेवा. शेंगदाण्याची चिक्की नंतर खा, दाण्यातल्या तेलामुळे तिची साखर उशिरा चढते.

आता सर्वांत जिवाचं. शुगर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, पोरगं चिडतं, बरळतं, झोकांड्या खातं. मिरवणुकीत, पदयात्रेत असं पोरगं दिसलं की लोक म्हणतात, प्यालाय. आणि त्याला बाजूला बसवून पुढे जातात. तिथेच जीव जातो. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी तपासा, गरज पडली तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. धावणाऱ्याच्या नंबराच्या कागदामागे "मला टाइप वन मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो" असं लिहून घरचा फोन नंबर टाका. आयोजकांना आधी सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पदयात्रेत अष्टशील घेणाऱ्यांचा एक प्रश्न असतो, की दुपारनंतर खायचं नाही, मग शुगर पडली तर? विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवी, ही पाच औषधं दुपारनंतरही घ्यायची परवानगी भगवंतांनी दिलेली आहे. पडलेल्या शुगरला मध आणि काकवीच तर लागते. खरं तर लांब चालणीच्या दिवशी टाइप वनच्या माणसानं उपाशी राहूच नये, आणि भन्तेजींना तसं आधीच सांगावं.

हिंगोलीच्या उन्हात इन्सुलिन खराब होतं. ते गाडीच्या डिक्कीत नको, खिशात नको. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, सावलीत ठेवा. घरी फ्रीज नसेल तर माठाजवळच्या ओल्या वाळूत डबी चालते. सोबतच्या माणसाच्या पिशवीत इन्सुलिन, सिरिंज, ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि साखर असावी. धावणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातही साखरेची पुडी हवीच, कारण गर्दीत चुकामूक होते.

शर्यत संपली, मेडल गळ्यात पडलं, की घरचे निर्धास्त होतात. पण स्नायू रिकाम्या झालेल्या साठ्यात साखर भरत राहतात, त्यामुळे सहा ते पंधरा तासांनीसुद्धा शुगर पडू शकते, बहुतेक वेळा झोपेत. त्या रात्री पोट भरून जेवू घाला, झोपताना तपासा, आणि रात्रीचं इन्सुलिन कमी करायचं का ते डॉक्टरांना आधीच विचारलेलं असू द्या. दोन-तीनच्या सुमारास मोबाइलचा गजर लावून पुन्हा एकदा बोट टोचा. त्या रात्री लेकराला एकटं झोपवू नका. उशाला साखरेचं पाणी ठेवा, आणि घाम आलेला दिसला की आधी उठवा, मग आकडा बघा.