परीक्षेचे दिवस आणि घरातील भाषासमिती

न्हावा शेवा म्हटले की व्यापारी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर कंटेनर उभे राहतात. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरात माल अडकला, तर पेढीवर तत्काळ धावपळ होते. घरातील दहावीची मुलगी मात्र आठवडाभर नीट जेवली नाही, तरी ‘परीक्षा जवळ आली आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

एनसीईआरटीने २०२२ साली देशातील ३,७९,८४२ विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले. त्यातील ८१ टक्के मुलामुलींनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. मुलींच्या वाट्याला याखेरीज मासिक पाळीचा त्रास व संकोच, रूपावरून होणारी टिंगल आणि ‘एवढे शिकून पुढे काय?’ हा प्रश्नही येतो. शिक्षिकांची स्थितीही फार निराळी नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन त्या घरी येतात, तेव्हा स्वयंपाकघर त्यांची वाट पाहत असते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे शक्यतो टाळावे. आपल्या मुलीच्या शाळेत ही व्यवस्था आहे का, हे पालकसभेत विचारणे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे.

घराची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. हित, मित आणि निर्दोष बोलावे, असे भाषासमिती सांगते. ‘काकांच्या मुलाला किती गुण मिळाले, बघ,’ हे वाक्य त्या कसोटीला उतरत नाही. सामायिकाची ४८ मिनिटे मुलीला स्थिर बसण्याची सवय लावतात; पण नंतर तिचे म्हणणे ऐकणारे कोणी घरात असावे लागते. उपदेश न करता दहा मिनिटे ऐकले, तरी तिचा भार हलका होतो.

झोप उडणे, सतत रडू येणे, जगण्याविषयी निराशेचे बोलणे ही लक्षणे दिसल्यास मात्र केवळ धर्माराधनेवर विसंबू नये. समाज काय म्हणेल, लग्नाच्या वेळी अडचण येईल का, या विचाराने डॉक्टरांकडे जाण्यास उशीर होतो आणि त्याची किंमत मुलगी मोजते. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

रोजमेळ जुळल्याशिवाय व्यापारी पेढीवरून उठत नाही. घरी आल्यावर ‘आज किती गुण?’ याऐवजी ‘आज कशी आहेस?’ असे त्याने लेकीला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.