आई, नीट टेकून बस!

क्रूझर घेतली की पहिली हौस कशाची येते? आरसे, सायलेन्सर आणि मग मागचा बॅकरेस्ट! क्रोमचा, चांगला उंच, एकदम टशन. मीही तेच केलं. पुण्यातल्या एका दुकानातून तयार बॅकरेस्ट उचलला, गाडीला चढवला आणि शनिवारी थेट बीड गाठलं. रविवारी आईला मागे बसवून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला न्यायचं, असा झकास प्लॅन होता.

मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत आई गप्पच होती. वर चहाला थांबलो, तर ती उतरून कमर चोळायला लागली. म्हटलं, "अगं, टेकायला केलंय ना तुझ्यासाठी!" तर म्हणते, "पाठीला कुठं रे? बरगडीला टोचायलंय ते. अन् हात कुठं ठिवू?" पुढे नेकनूर, केज करत ती एसटीने गेली. मी मागोमाग, रिकामा बॅकरेस्ट मिरवत!

दिसतं तसं नसतं

मग ट्यूब पेटली. हा सगळा प्रकार ज्याच्यासाठी बनलाय, तो दोन्हीकडे पाय टाकून बसतो. अमेरिकेतल्या चॉपरवाल्यांनी या उंच दांड्याला 'सिसी बार' म्हटलं, १९६९ च्या 'इझी रायडर'ने तो जगभर पोचवला. आपल्याकडेही २०२० मध्ये मीटिओर ३५० आली तेव्हा तिच्या तीनपैकी दोन प्रकारांना बॅकरेस्ट कंपनीतूनच होता. पण साडी नेसून डावीकडे पाय सोडून बसणाऱ्या बाईच्या पाठीमागे असतो रस्ता. बॅकरेस्ट येतो तिच्या डाव्या कुशीला. पॅडचा कोपरा टोकदार असेल, तर प्रत्येक खड्ड्याला तो बरगडीत घुसणार. मी तर तो बसवण्याच्या नादात मूळचं हँडलही काढून टाकलं होतं!

खरं तर हे हँडल म्हणजे शोभा नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की, मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कायमचं हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारी जाळी हवीच. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो, ते हेच. 'लुक बिघडतो' म्हणून आपण नेमकं तेच आधी काढतो.

आधी माप, मग वेल्डिंग

पुढच्या खेपेला मी बीडमध्येच एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, आईला घेऊन. त्यांचा पहिला प्रश्न : "बसणार कोण?" दोघांनी गाडी सरळ धरली, आई साडीतच बसली आणि त्यांनी वितीने माप घेतलं. मूळचं हँडल परत लागलं. पॅड उंचीला कमी केलं, कडा गोल केल्या. सीटवाल्याने आत सोफ्याच्या मऊ फोमऐवजी घट्ट फोम भरला. मऊ फोम दुकानात छान वाटतो, पण तासाभरात दबतो आणि आतली पत्र्याची पट्टी लागायला लागते.

तुम्हीही करून घेणार असाल, तर एवढं बघाच :

• बॅकरेस्ट फ्रेमला किंवा कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागीच बसवा. नुसत्या मडगार्डच्या पत्र्यावर भार टाकला, तर पत्रा फाटतो.

• फ्रेमला वेल्डिंग नकोच. फ्रेम कमकुवत होते. शिवाय आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही.

• पाय टाकून बसणाऱ्याला पॅड कमरेच्या वरच्या खोलगट भागाला टेकायला हवं. सरळ उभं पॅड पुढे ढकलतं, ते किंचित मागे कललेलं बरं.

• शिवण वरच्या बाजूला नको. पावसाचं पाणी तिथूनच फोममध्ये मुरतं.

• लॉकनट वापरा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

• बॅकरेस्टमागे जड बॅग बांधू नका. मागच्या चाकामागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट : बॅकरेस्ट म्हणजे सीटबेल्ट नाही. एका बाजूला बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणं केव्हाही जास्त सुरक्षित. हेल्मेट तर दोघांनाही हवंच.

हे आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण दिवाळीत घरी गेलो, तर स्वारी पंजाबी ड्रेस घालून, हेल्मेट हातात घेऊन दारात उभी! म्हटलं, आता बॅकरेस्टचं माप पुन्हा बदलावं लागणार. पाठ आता खरंच मागे येणार ना! परत वितीने माप, पॅड चार बोटं वर. या वेळी मांजरसुंब्याला थांबलो ते फक्त चहासाठी. अंबाजोगाईला दर्शन झालं, प्रसाद झाला. मी परतीची किक मारणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "परळी इथून जवळच हाय ना रे? चल की वैजनाथाला!"