पोवळे हा खडा नव्हे, जीव आहे

नरखेड, मोवाड, जलालखेड्याच्या बाजारात आम्हाला अजूनही बोटात लाल पोवळे घातलेले आपले लोक भेटतात. मंगळ कडक आहे, असे कोणीतरी सांगितलेले असते. 1956 साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने मंगळाला भ्यावे, हे आम्हाला पटत नाही. पण ते असो, आज पोवळ्याविषयीच बोलू.

पोवळे खाणीतून निघत नाही. समुद्रातल्या इवल्याशा प्राण्यांचा तो सांगाडा. अंगठीतले लाल पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातले असते. त्याचे भाऊबंद, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले.

हा जीव पाण्यातला चुना घेऊन घर बांधतो. काम फार सावकाश. गोल धोंड्यासारख्या जाती वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आपल्या कमरेला लागायला शंभर वर्षे! त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहते. शेवाळाला आसरा मिळतो, प्रवाळाला अन्न आणि रंग मिळतो. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद मुलांना समजवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. मे महिन्यात ऊन वाढले की आपल्या संत्र्याचा आंबिया बहार गळतो ना, तसा प्रवाळ आपले शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो. लक्षद्वीपला हे 1998, 2010, 2016 साली झाले आणि 2024 साली पुन्हा झाले. मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याची नोंदही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली आहे.

दुसरा मार डोळ्यांना दिसत नाही. कोळसा जळतो, आपल्या कोराडी-खापरखेड्यालाही जळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. जगभरच्या अशा वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते, घर बांधायला लागणारा माल कमी पडतो आणि प्रवाळाची वाढ मंदावते.

प्रवाळाच्या कपारीत माशांची पिल्ले वाढतात. ती कपार गेली तर मोठा ट्रॉलरवाला आणखी खोल समुद्रात जाईल. किनाऱ्यावर रापण ओढणारा गाबीत कुठे जाईल? आपल्याकडे बहार गळाला की बगिच्याचा पंचनामा होतो. तोडीवरच्या बाईची बुडालेली रोजी त्या कागदात कुठल्या रकान्यात लिहायची? आम्ही कारकुनी करतो. तसा रकाना आम्ही अजून पाहिलेला नाही.

मालवणला सहलीला गेलात तर बोटवाले प्रवाळ दाखवतात. मुलांना जरूर दाखवा. त्यावर पाय मात्र ठेवू देऊ नका, आणि आठवण म्हणून तुकडाही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने 2001 पासून हे प्रवाळ वाघाच्याच यादीत आहेत.