फोनवरची शाळा कुणाला मानवते?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तास फोनवर आले. मंठा, परतूर, घनसावंगी भागातल्या बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन होता. तो वडिलांच्या खिशात, आणि दिवाळीनंतर वडील ऊसतोडीच्या फडात. सकाळचा तास मुलांच्या हाती रात्री पडायचा, तोही रिचार्ज असला तर. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत देशातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला; पण अशा घरांतल्याही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता.

तेव्हा इलाज नव्हता. आता आहे. शिकवण्या, परीक्षांची तयारी, शिक्षकांची प्रशिक्षणे यांतले बरेच काही ऑनलाइनच राहिले आहे, आणि ते आपल्याला मानवते का, हे पालकांनी व शिक्षकांनी ठरवायचे आहे. त्यात आधी पाहायचे ते वय.

पहिली-दुसरीचे मूल बाईंच्या ओठांकडे पाहून उच्चार शिकते, त्यांनी हात धरला की अक्षर गिरवते. पेन्सिल चुकीची धरली, फळा दिसत नाही म्हणून मूल डोळे बारीक करते, हे वर्गात बाईंच्या लगेच लक्षात येते. चष्म्याचा नंबर अनेकदा असाच सापडतो. शिवाय शाळेत जंतनाशक गोळी मिळते, दुपारचा आहार मिळतो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येऊन मुलांना तपासते. फोनवर यातले काही येत नाही. केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांतही आठवीपर्यंत दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास होते, नववी ते बारावीला चार. ती कमाल मर्यादा होती, रोज गाठायचे उद्दिष्ट नव्हते.

डोळ्यांचे म्हणाल, तर एरवी आपली पापणी मिनिटाला १५ ते २० वेळा लवते. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर वाळतो, डोळे चुरचुरतात. जालन्याच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत जास्तच. लहान वयात सतत जवळचे पाहणे आणि बाहेर उजेडात न खेळणे यांचा संबंध मायनस नंबर वाढण्याशी आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहावे. अंगणाबाहेरचे लिंबाचे झाड चालेल.

शिक्षकांच्या त्रासाबद्दल मात्र कुणी फारसे विचारत नाही. वर्गात चेहरे पाहून कुणाला कळले नाही ते कळते. कॅमेरे बंद असले की काळ्या चौकटींशी बोलावे लागते. आवाज नकळत चढतो, घसा बसतो, मान आखडते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची कारणे मांडली: अगदी समोर आलेले मोठे चेहरे, सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव ओळखताना मेंदूला पडणारे जादा श्रम. स्वतःची चौकट बंद ठेवली आणि फोन डोळ्यांच्या पातळीवर ठेवला, तरी बराच आराम पडतो.

मग हे मानवते कुणाला? भोकरदनच्या एखाद्या खेड्यातून नीटची तयारी करणाऱ्या मुलीला लातूर किंवा संभाजीनगरला राहण्याचा खर्च परवडत नसेल, तर रेकॉर्ड केलेला तास तिच्यासाठी मोठा आधार आहे. तो थांबवता येतो, मागे नेता येतो. वर्गात ती सोय नाही. फक्त पाहून भागत नाही, नंतर फोन बाजूला ठेवून गणित वहीत सुटले पाहिजे. पुढे ती जालन्यातच २०२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचली, तर वाढलेले यकृत हाताला कसे लागते हे शिकायला रुग्णाच्या खाटेजवळच उभे राहावे लागेल.

ठरत नसेल तर पंधरा दिवस करून पाहावे. तास संपल्यावर मूल काय शिकले ते स्वतःच्या शब्दांत सांगते का? संध्याकाळी डोके दुखते का? झोप लांबते का? फोन नाकाजवळ जात असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते, आणि दृष्टिदोष आढळलेल्या शाळकरी मुलांना अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो.